सिक्युरिटी क्लिअरन्स आणि थकलेली देणी : या चुका टाळा

अमेरिकन नागरिकत्व घेतलं, संरक्षण खात्याच्या कंत्राटदाराकडे नोकरी लागली, की सिक्युरिटी क्लिअरन्ससाठी, म्हणजे गोपनीय सरकारी माहिती हाताळायच्या परवानगीसाठी, एसएफ-86 नावाचा लांबलचक फॉर्म समोर येतो. नातेवाईक, प्रवास, जुने पत्ते सगळं भरून होतं आणि कलम 26 वर हात अडखळतो. तिथे पैशांचा हिशेब द्यायचा असतो: गेल्या 7 वर्षांत दिवाळखोरी, न भरलेला कर, 120 दिवसांपेक्षा जास्त थकलेलं कोणतंही देणं.

पहिली चूक इथेच होते. ‘दीड हजार डॉलरचं हॉस्पिटलचं बिल, तेही वसुलीवाल्यांकडे गेलेलं, कशाला लिहा?’ घर बदललं, पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहिली, आपण विसरलो. तपासणारा मात्र क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्ज-देण्यांच्या नोंदींचा अहवाल, काढतोच. बिल थकणं समजावून सांगता येतं. जाणूनबुजून लपवलं असं ठरलं तर प्रश्न पैशांचा उरत नाही, सचोटीचा होतो, शिवाय खोटी माहिती देणं हा संघीय गुन्हा आहे. म्हणून फॉर्मला हात लावण्याआधी इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या अशा नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांचे रिपोर्ट काढा, फुकट मिळतात. एकात नसलेली नोंद दुसऱ्यात सापडते.

घराचं किंवा शिक्षणाचं मोठं कर्ज आहे म्हणून अर्जच न करणारेही भेटतात. हप्ते वेळेवर जात असतील तर नुसत्या रकमेला घाबरू नका. क्लिअरन्सच्या 2017 पासून लागू असलेल्या नियमांतली ‘गाइडलाइन एफ’, म्हणजे पैशांच्या व्यवहारांबद्दलचा भाग, मुख्यतः ऐपत असून देणी टाळणं, ऐपतीबाहेर खर्च करणं, जुगार, कर बुडवणं हे बघते. त्यामागे इतिहास आहे. सीआयएच्या ऑल्ड्रिच एम्सने 1985 मध्ये पैशांच्या ओढगस्तीत सोव्हिएत गुप्तहेरांना माहिती विकायला सुरुवात केली, पुढे 5,40,000 डॉलरचं घर रोखीने घेतलं, आणि पकडला गेला 1994 मध्ये.

नोकरी गेली, घटस्फोट झाला, आजारपण आलं, तर नियम ते समजून घेतात. पण त्या काळात तुम्ही काय केलंत हेही विचारतात. धनकोला फोन केला? हप्ते बांधून घेतले? दरमहा 50 डॉलर भरल्याच्या सहा पावत्या ‘नोकरी लागली की बघू’ या आश्वासनापेक्षा कितीतरी वजनदार ठरतात. ‘सात वर्षांनी नोंद आपोआप गळून पडेल’ म्हणून गप्प बसणं तर सगळ्यात वाईट. नोंद रिपोर्टातून गेली तरी देणं फेडलं असं कोणी धरत नाही.

आपल्या लोकांची एक खास चूक: पुण्यातला फ्लॅट आणि तिथलं बँक खातं ‘इथे कुठे दिसतंय’ म्हणून गाळणं. परदेशातली मालमत्ता फॉर्ममध्ये वेगळी विचारतात. परदेशी खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली असेल तर त्याचं वेगळं विवरणपत्रही भरावं लागतं.

क्लिअरन्स मिळाल्यावर सुटलो, असंही नाही. आता तपासणी सतत चालू असते. पुढे हप्ते 120 दिवसांवर थकले तर ते स्वतःहून कळवायचं असतं.

आणि क्लिअरन्स देण्याबद्दल आक्षेपांची नोटीस आलीच, तर ती बाजूला ठेवू नका. कंत्राटदारांच्या कर्मचाऱ्यांना उत्तरासाठी साधारण 20 दिवस मिळतात. प्रत्येक देण्याला वेगळं उत्तर लिहा आणि सोबत त्याची पावती, करारपत्र किंवा देणं मान्य नसल्याचं धनकोला लिहिलेलं पत्र जोडा.