कुत्र्याचं वजन उतरत नाही? आधी घरातले हात मोजा, आणि या चुका टाळा

मागच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमची राणी ओट्याच्या तीन पायऱ्या चढता चढता मधल्या पायरीवरच बसली. जीभ बाहेर, छाती भात्यासारखी हलत होती. ऊन म्हणावं तर तेही नव्हतं, चार दिवसांची झड लागलेली. राणी लॅब्रॅडॉर, सहा वर्षांची. घरात कापूस मोजायचा ताणकाटा होता. जुन्या चादरीची झोळी केली, बांबूला काटा अडकवला, दोघांनी बांबू उचलला. ३६ किलो. दोन वर्षांपूर्वी दवाखान्याच्या कार्डावर २७ लिहिलेलं होतं.

ते ९ किलो रोज डोळ्यांसमोर चढत होते आणि घरातल्या एकालाही दिसले नाहीत. म्हणून पहिली चूक हीच सांगते: नजरेच्या भरवशावर राहू नका. रोज पाहणाऱ्याला फरक कळत नाही, आणि पाहुणा "काय मस्त पोसलं हो कुत्रं!" म्हणतो तेव्हा आपल्यालाही बरंच वाटतं. हात लावून पाहा. मूठ आवळा आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या हाडांवरून फिरवा. बरगड्या अशा लागल्या तर कुत्रं रोड आहे. मग हात उघडा, पंजा पालथा ठेवा आणि बोटांच्या मागची हाडं चाचपा. बरगड्या अशा लागल्या तर वजन बेताचं आहे. तळहातासारखा नुसता गुबगुबीतपणा लागला आणि बरगडी शोधावी लागली, तर वजन वाढलेलं आहे. वरून पाहिलं की कंबर आत गेलेली दिसायला हवी, बाजूने पाहिलं की पोट मागे वर चढलेलं हवं. राणीला कंबरच उरली नव्हती.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. पोट मोठं, पण पाठीचा कणा आणि बरगड्या उघड्या दिसतात, अशा कुत्र्याचं खाणं कमी करू नका. ते जंत असू शकतात, पोटात साचलेलं पाणी असू शकतं, मादी असेल तर गाभणही असू शकते. आधी डॉक्टरांना दाखवा.

"म्या त दोनच घास देल्ले"

सगळ्यात मोठी चूक ही, आणि आपल्या खेड्यातल्या घरांत ती हमखास होते. शहरात एखाद्या फ्लॅटमध्ये एक माणूस एका भांड्यात खाणं टाकतो. आपल्याकडे कुत्रं वाड्यात, अंगणात, गोठ्यात, शेतावर असतं आणि प्रत्येक ठिकाणी त्याला वाढणारा हात वेगळा. प्रत्येकाला वाटतं आपण थोडंच दिलं, आणि प्रत्येकाचं खरंही असतं. मी घरात विचारलं तेव्हा आजी म्हणाल्या, "म्या त दोनच घास देल्ले." पोरं म्हणाली, एकेकच बिस्कीट. मला स्वतःला वाटत होतं की राणी जेवते ती फक्त रात्री, मी वाढते तेव्हा.

डॉक्टरांनी सांगितलं, सात दिवस काहीही कमी करू नका, फक्त लिहा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरला पेन्सिल बांधली. जो देईल त्याने तिथेच लिहायचं, आजींचं पोरांनी लिहायचं. आठवड्यातला एक साधा दिवस असा निघाला:

सकाळी दोन पोळ्या, तूप लावलेल्या, म्हशीच्या वाटीभर दुधात कुस्करून: सुमारे ३९० कॅलरी. शाळेत जाताना पोरांची मिळून आठ ग्लुकोज बिस्किटं: सुमारे १८०. दुपारी उरलेला दोन वाट्या भात आणि वरण: ४९०. रात्री ज्वारीच्या दोन भाकरी, रश्श्याच्या तर्रीत मोडलेल्या: ५५०. एकूण १,६०० च्या वर.

राणीला लागतं किती? याचा हिशेब मोबाइलच्या साध्या कॅल्क्युलेटरवर होतो. जे वजन असायला हवं, तो आकडा तीनदा मांडून एकमेकांशी गुणा, मग दोनदा वर्गमूळ काढा, मग ७० ने गुणा. २७ गुणिले २७ गुणिले २७ म्हणजे १९,६८३. एकदा वर्गमूळ १४०.३, परत वर्गमूळ ११.८४. गुणिले ७० म्हणजे साधारण ८३०. जाड कुत्र्याचं वजन उतरवताना दिवसाला एवढ्या कॅलरींपासून सुरुवात करतात. आम्ही जवळपास दुप्पट देत होतो, आणि एकही जण मुद्दाम जास्त देत नव्हता.

आधी लिहा, मगच कमी करा. न लिहिता कमी केलं तर आपण फक्त आपला हात आखडतो, बाकीचे चार हात चालूच राहतात. उलट "आज तिनं कमीच खाल्लं" म्हणून ते आणखी सैल होतात.

या लिहिण्यातून दोन समज गळून पडले. एक, दूध म्हणजे पाणी. म्हशीच्या १०० मिलि दुधात १०० हून जास्त कॅलरी असतात, शिवाय वयात आलेल्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना दूध पचतही नाही आणि हगवण लागते. दुसरा, भाकरीने कुत्रं सुटत नाही, पोळीनेच सुटतं. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्याच, १०० ग्रॅमला ३५० च्या आसपास. आणि आपली हातावर थापलेली भाकर पोळीच्या दुप्पट जड असते.

पाकिटातलं खाणं देणाऱ्यांची चूक थोडी वेगळी. ते खाणं बहुतेक १०० ग्रॅमला ३५० ते ४०० कॅलरींचं असतं, म्हणजे कोरडं पीठच समजा. ते भाकरीच्या वर "ताकदीसाठी" टाकायचं नसतं. पाकिटावरच्या तक्त्यात आजचं वजन नाही, हवं ते वजन पाहा, आणि मगाने नाही, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा.

उपाशी ठेवू नका

आकडा कळल्यावर आमच्याकडे पहिला उत्साह असा की उद्यापासून अर्धी भाकर. तसं केलं तर चरबीबरोबर अंगातलं मांसही झडतं, आणि भुकेलं कुत्रं उकिरडा, कोंबड्यांचं खाणं, गोठा, सगळं शोधतं. गोठ्याची भीती मला जास्त वाटते. सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. गाई-म्हशी ते बऱ्यापैकी पचवतात, कुत्र्याला ते विषारी आहे, सतत पोटात गेलं तर हृदयावर परिणाम होतो. ढेपेचं पोतं झाकून ठेवा, घमेल्यात उरलेली भिजवलेली ढेप कुत्र्याच्या तोंडाशी ठेवू नका.

आठवड्याला वजनाचा १ ते २ टक्के उतार पुरे. ३६ किलोच्या राणीसाठी म्हणजे ३६० ते ७२० ग्रॅम. आम्ही दोन आठवड्यांत हळूहळू ८०० कॅलरींवर आलो. पोट भरलेलं वाटावं आणि मांस टिकावं म्हणून ताट असं बसवलं: दिवसभरात एकच भाकर, दोन उकडलेली अंडी, कातडी काढून उकडलेलं १२० ग्रॅम चिकन, भिजवून शिजवलेले ५० ग्रॅम सोयाबीनचे वडे, आणि उरलेल्या भांड्यात शिजवलेला दुधी, कोहळं किंवा बरबटी. मीठ नाही, फोडणी नाही, कांदा-लसूण अजिबात नाही. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शेतातलं सोयाबीन देणार असाल तर नीट शिजवूनच द्या, कच्चं नको. घरचंच खाणं महिनोन्‌महिने चालवायचं असेल तर कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं कमी पडतात, त्यांची भर डॉक्टरांना विचारून घाला. आम्ही घालतो.

खाऊ बंद करायची गरज नाही. दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्श्यात तो बसवा. बिस्किटाच्या जागी गाजराचा तुकडा, काकडी. संत्र्याची एखादी फोड चालते, साल आणि बी काढून. द्राक्षं आणि मनुका मात्र नको, त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

पळवून वजन उतरत नाही

"शेतात सोडा, आपोआप उतरते," हे मला किमान दहा जणांनी सांगितलं. फिरणं हवंच, पण एका पोळीची भरपाई चालून करायला कुत्र्याला फार चालावं लागतं. ताट न बदलता नुसतं पळवणं म्हणजे सांध्यांवर भार. आणि आपल्या उन्हाळ्यात तर जिवाशी खेळ. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग गार करतं. चरबीचा थर असलेल्या कुत्र्याला ते आणखी जड जातं. एप्रिल-मे मध्ये ४५ अंशांच्या दिवसांत सूर्य वर यायच्या आत फिरवून आणा, संध्याकाळी रस्त्यावर हाताचा पंजा पाच सेकंद टेकवून पाहा, आणि धाप थांबत नसेल तर लगेच सावलीत नेऊन अंगावर पाणी टाका.

सणांची गोष्ट थोडक्यात. पोळ्याला बैलांबरोबर कुत्र्यालाही पुरणपोळी, लग्नाच्या पंगतीनंतर मटणाची हाडं. एवढं तूप-तेल एकदम पोटात गेलं की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते: उलट्या, पोट आखडून बसणं, पाण्यालाही तोंड न लावणं. शिजवलेली हाडं फुटून आतड्यात टोचतात. सणाच्या दिवशी तिला तिचंच ताट, फक्त अंडं एक जास्त.

सगळं करूनही काटा हलत नाही तेव्हा

दिवाळीच्या सुमारास राणीचं वजन तीन आठवडे ३२ वरच अडलं. कॅलेंडर स्वच्छ, ताट मोजून. शेवटी कळलं की दुपारी ती शेतावर आमच्या सालदार काकांजवळ बसते आणि ते आपल्या शिदोरीतली भाकर तिला मोडून देतात. "लेकरू तोंडाकडे पायते जी, एकट्यानं कसं खावाव?" हे ऐकून मला गहिवरून आलं, त्यांना नको म्हणायचं मनात आलं नाही. त्यांच्यासाठी एक वेगळा छोटा डबा केला, त्यात तिच्या हिश्श्याचे गाजराचे आणि चिकनचे तुकडे. काका आजही तिला रोज देतात. पुढच्या पंधरवड्यात काटा परत उतरू लागला.

म्हणून अडलं की आधी अशा हाताचा शोध घ्या: शेजार, शेत, मांजरीची वाटी, शाळेची वाट. तिथेही काही सापडलं नाही तर मग दवाखाना. नसबंदी झालेल्या कुत्र्याला खाणं साधारण पाचव्या हिश्श्याने कमी लागतं, आणि हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. राणीचं वजन नेमकं तेव्हापासूनच चढलं. खाजेसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर भूक आणि तहान दोन्ही वाढतात. गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. कुत्रं सुस्त पडून असेल, केस गळत असतील, थंडीत कुडकुडत असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्या. आणि लॅब्रॅडॉर असेल तर हेही समजून घ्या की ते लाडाने हावरट झालेलं नसतं. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना असं आढळलं की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकात बदल असतो. त्याला खरोखरच जास्त भूक लागते. त्याच्या डोळ्यांतली मागणी खोटी नाही, म्हणून त्याच्यावर रागावू नका. ताट भाज्यांनी मोठं करा, तेच खाणं तीन-चार वेळांत वाटून द्या.

४८ लॅब्रॅडॉरवर त्यांच्या पिलूपणापासून मरेपर्यंत चाललेल्या एका अभ्यासात, ज्यांना जोडीच्या कुत्र्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं मिळालं ते सरासरी पावणेदोन वर्षांहून जास्त जगले, आणि त्यांना सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. पावणेदोन वर्षं. आजींना मी हा आकडा सांगितला त्या दिवसापासून सकाळची दूध-पोळी त्यांनी स्वतःहून बंद केली. आता त्या गाजर किसत बसतात आणि राणी त्यांच्या पायाशी बसून वाट पाहते. काल झोळीत २९ किलो भरली. ओट्याच्या तिन्ही पायऱ्या ती आता एका दमात चढते.