पॅरलल प्रोसेसिंग करताना या चुका टाळा

किक (ड्रमचा जड, खालचा ठोका) दणदणीत करायची म्हणून मी ट्रॅकची कॉपी काढली, तिच्यावर कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) आणि सॅच्युरेशन (आवाजाला खरखर, जाडी देणारं) लावलं, दोन्ही एकत्र वाजवले, म्हणजेच पॅरलल प्रोसेसिंग केलं, आणि किक उलट पोकळ झाली. कोथरूडच्या खोलीत दोन रात्री मी नुसता इक्यू (बास-ट्रेबल कमी-जास्त करणारं) फिरवत बसलो. चूक वेळेची होती. कॉपीचा आवाज जेमतेम 1 मिलिसेकंद उशिरा येत होता. तेवढ्यानेही 500, 1500, 2500 हर्ट्झला दोन्ही आवाज एकमेकांना मारतात.

म्हणून आधी सॉफ्टवेअरमधलं डिले कॉम्पेन्सेशन (प्लगइनमुळे झालेला उशीर भरून काढणारी सोय) चालू आहे का ते बघा. मग कॉम्प्रेसरचा रेशो 1:1 (म्हणजे काहीच दाबणार नाही असा) आणि सॅच्युरेशनचा ड्राइव्ह शून्य करा, दोन्ही फेडर सारखे ठेवा आणि एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करा, म्हणजे त्याची लाट वरची खाली होईल. सगळं शांत झालं तर वेळ जुळली. पातळ, चिरका आवाज उरला तर पहिला संशय उशिरावरच घ्या.

रिव्हर्ब, म्हणजे घुमण्याचा इफेक्ट, प्रत्येक ट्रॅकवर वेगळा टाकू नका. एका रिटर्नवर (सगळ्या ट्रॅकमधून सेंडने आवाज पाठवायचा तो सामाईक ट्रॅक) ठेवा आणि त्याचा मिक्स 100 टक्के वेट, म्हणजे नुसता इफेक्टचा आवाज, करा. तिथे ड्राय, म्हणजे मूळ आवाज, शिल्लक राहिला तर सेंड वाढवताना मूळ आवाजही फुगतो आणि सगळा बॅलन्स बिघडतो.

रिव्हर्बमध्ये बास जाऊ देणं ही मला सगळ्यात महागात पडलेली चूक. नदीपात्रात पथकाचा सराव ऐका, ढोलाचा ठोका न ठोका सुटा येतो. तेच पथक विसर्जनाला लक्ष्मी रोडवर, दोन्हीकडच्या इमारतींमध्ये शिरलं की लांबून ताशा कळतो, ढोलाचा मात्र नुसता घुमारा उरतो. मिक्समध्येही हेच होतं. रिटर्नवर रिव्हर्बच्या आधी हाय-पास (खालचा आवाज कापणारा फिल्टर) लावा, मी 250 हर्ट्झपासून सुरुवात करतो.

पॅरलल चालू केलं की छान वाटतं, कारण आवाज वाढलेला असतो. तोच सिग्नल तेवढ्याच लेव्हलला पुन्हा मिसळला तर 6 डेसिबलची भर पडते. लेव्हल सारखी करूनच चालू-बंद तुलना करा. त्यात फरक आवडला नाही तर ती चेन काढून टाका.

ट्रॅकचा फेडर खाली ओढूनही रिव्हर्ब वाजत राहिला तर सेंड प्री-फेडर आहे, म्हणजे आवाज फेडरच्या आधीच पाठवतोय. तो पोस्ट-फेडर करा.

एवढं करूनही किक दबत असेल तर रिटर्नवर रिव्हर्बनंतर कॉम्प्रेसर लावून त्याला किकचा साइडचेन द्या, म्हणजे किक वाजली की रिव्हर्ब दबेल. 128 बीपीएमला (मिनिटाला 128 ठोके) दोन ठोक्यांमध्ये साधारण 469 मिलिसेकंद असतात. रिलीज (कॉम्प्रेसर दाबलेला आवाज परत सोडायला घेतो तो वेळ) 200 मिलिसेकंदांच्या आसपास ठेवून ऐका आणि पुढच्या किकच्या आत रिव्हर्बचं शेपूट पुन्हा वर येईल इतपत कमी-जास्त करा.