टँग आणण्याआधीची तयारी: आधी टाकीची लांबी मोजा

टेप घ्या आणि टाकीची लांबी मोजा. पाणी किती लिटर, हे नंतर बघू. टँग हा खाऱ्या पाण्यातला, शेवाळ खाणारा मासा. तो दिवसभर पोहत असतो, तेही आडवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणून त्याच्या बाबतीत लांबीचा आकडा सगळ्यात आधी येतो. प्रत्येक बाजू ६५ सेंटिमीटर असलेली चौकोनी टाकी आणि १२० × ४५ × ५० सेंटिमीटरची लांबट टाकी, दोन्हींत साधारण २७० लिटर पाणी मावतं. पण चौकोनी टाकीत त्याला नीट वेग घेता येण्याआधीच काच आडवी येते. मोजताना लाइव्ह रॉक, म्हणजे टाकीत रचलेले सूक्ष्मजीव वसलेले समुद्री दगड, विसरू नका. दगडांची भिंत या काचेपासून त्या काचेपर्यंत रचली असेल तर कागदावरची लांबी माशाच्या काही कामाची नाही. दोन्ही बाजूंना वळायला जागा हवी, दगडांच्या मागून वाट हवी आणि रात्री अंग घालायला एखादी कपार हवी. दगड हलवायचे असतील तर मासा यायच्या आधीच हलवा.

मग एका कागदावर मनात असलेल्या माशाची पूर्ण वाढीची लांबी लिहा. दुकानात दिसतो तो आकार नव्हे. तिथे निळा हिपो टँग काडेपेटीएवढा असतो आणि मोह तिथेच होतो. तोच मासा वाढून ३० सेंटिमीटरच्या आसपास जातो. टँगच्याच इतर जातींत सेलफिन ४० सेंटिमीटरपर्यंत, लिपस्टिक नासो साधारण ४५ आणि व्लामिंगी नासो ६०. 'आत्ता छोटा आहे, पुढे मोठी टाकी घेऊ' हा विचार मनात येत असेल तर तो यादीतून खोडून टाका. मोठी टाकी लांबणीवर पडते, मासा मात्र वाढायचा थांबत नाही. कोंडलेला टँग काचेला समांतर येरझारा घालतो, चिडका होतो आणि आजाराला लवकर बळी पडतो. आज घरात जी टाकी पाण्याने भरलेली आहे, तिच्यात मावेल तोच मासा निवडा.

चार फुटांपेक्षा लहान टाकी असेल तर टँग नकोच, असं माझं ठाम मत आहे. शेवाळ खाणाराच हवा असेल तर लॉनमोअर ब्लेनी आणि टर्बो गोगलगायी ते काम करतात. चार फुटांच्या टाकीत टोमिनी टँग किंवा पिवळ्या कड्याच्या डोळ्याचा कोले टँग घ्या, एकच. पिवळा टँग २० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्याला चार फुटांत ठेवणारे बरेच आहेत, पण पाच फूट दिलेत तर त्याचं खरं पोहणं बघायला मिळेल. स्कोपास आणि जांभळा टँगही याच रांगेतले. हिपो, सेलफिन आणि पावडर ब्लू यांच्यासाठी सहा फूट धरा. नासोसाठी आठ फूट असतील तरच विचार करा. अकिलीस आणि क्लाउन टँग दिसायला देखणे असले, तरी त्यांना जोरदार प्रवाह आणि भरपूर प्राणवायू लागतो, शिवाय स्वभाव तापट. टँग पाळायची पहिलीच वेळ असेल तर टाकी कितीही मोठी असो, हे दोघे नकोत.

आता खाणं. कोले आणि टोमिनी यांचे दात ब्रशच्या केसांसारखे बारीक असतात. ते काचेवरचा आणि दगडावरचा पातळ थर खरवडून खातात. पुढची काच दोन दिवस पुसू नका, म्हणजे शेवाळावर त्यांच्या ओठांचे गोल ठसे उमटलेले दिसतील. म्हणूनच नव्या, चकचकीत टाकीत त्यांना आणणं म्हणजे उपाशी ठेवणं. टाकी काही महिने जुनी होऊ द्या. पिवळ्या टँगचं तोंड लांबुळकं असतं. तो फटीफटींतलं तंतूमय शेवाळ उपटतो, पण तेवढ्याने त्याचं पोट भरत नाही. बिनमिठाची, बिनमसाल्याची नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे पातळ पापुद्रे) आणि ती काचेला लावायची क्लिप आधीच आणून ठेवा. हिपो समुद्रात तरंगते सूक्ष्मजीवही खातो, त्याला फ्रोझन मायसिस, म्हणजे गोठवलेले कोळंबीसारखे बारीक जीव, द्या.

टाकीत आधीचा टँग असेल तर भांडण गृहीत धरा. अंगाचा आकार जितका सारखा, तितकी मारामारी जास्त. पिवळा आणि जांभळा ही जोडी अवघड असते. दोन ठेवायचेच असतील तर वेगळ्या घडणीचे निवडा आणि शक्यतो एकाच वेळी सोडा. एक आधी येणार असेल तर तापट मासा शेवटी. नव्याला काही दिवस टाकीतच जाळीच्या किंवा भोकं पाडलेल्या पारदर्शक पेटीत ठेवलं की जुन्याचा राग बराचसा त्या पेटीवर निघतो.

क्वारंटाइनची टाकी, म्हणजे नवा मासा आधी काही दिवस वेगळा ठेवायची टाकी, या यादीतून कधीही वगळू नका. खाऱ्या पाण्यातला व्हाइट स्पॉट, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीचा आजार, टँगला फार लवकर धरतो. एकदा तो मुख्य टाकीत शिरला की सगळे मासे बाहेर काढून ती टाकी माशांविना ठेवावी लागते. त्यासाठी ७६ दिवसांचा हिशोब सर्रास धरला जातो. त्यापेक्षा वेगळी टाकी, हीटर, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि तांब्याचं औषध वापरणार असाल तर तांबं मोजायचं टेस्ट किट, एवढी तयारी कितीतरी स्वस्त पडते. हे औषध मुख्य टाकीत कधीच टाकू नका. कोरल, कोळंबी, गोगलगायी सगळं मरेल.

दुकानात मासा समोर खाताना दाखवायला सांगा. खात नसेल तर तिथेच राहू द्या. तो समोरून तुमच्याकडे वळेल तेव्हा पोट बघा. ते आत गेलेलं असेल किंवा डोळ्यांमागे पाठीवर खळगा दिसत असेल तर तो बरेच दिवस उपाशी आहे. कल्ले धापा टाकल्यासारखे हलत असतील किंवा तो अंग दगडाला घासत असेल, तरी नको. पिवळा टँग घेणार असाल तर टाकीत पैदास झालेला मिळतो का, ते जरूर विचारा. हवाईतल्या ओशनिक इन्स्टिट्यूटमध्ये २०१५ साली या माशाची पिल्लं पहिल्यांदा वाढवता आली. अशा पिल्लांना पेलेट (तयार खाद्याचे दाणे) खायची सवय असते आणि समुद्रातून एक मासा कमी निघतो.

पकडायला जाळी नको. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो. तो जाळीत अडकतो आणि माशाला इजा होते, हात मध्ये आला तर हातालाही खोल चीर पडते. प्लॅस्टिकचा डबा पाण्यात बुडवा आणि माशाला हळूहळू आत वळवा.

आणायच्या आदल्या दिवशी क्वारंटाइनच्या टाकीत खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ आणि तापमान २५-२६ अंश आहे ना, अमोनिया शून्य आहे ना, हे तपासा. पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता ठेवा. वरून जाळीचं झाकण हवंच, घाबरलेला टँग उडी मारतो. सोडल्यावर दिवे मंद ठेवा आणि नोरी पाइपच्या जवळ लावा, म्हणजे लांब न जाता तो एक-दोन घास घेईल.