नरक्याचा अभ्यास: आधी नाक, मग नाव

प्रकल्पासाठी नरक्या घेतलात ना? मग मोबाइलमधले फोटो बाजूला ठेवा आणि भर पावसात, झाड फुलावर असताना महाबळेश्वर किंवा आंबोलीकडे निघा. वनखात्याची परवानगी आधीच काढून ठेवा. नरक्याच्या लाकडाची इतकी चोरटी तोड झाली आहे की हातात फांदी घेऊन फिरणाऱ्याकडे संशयानेच पाहतात, आणि त्यात चूकही नाही. या झाडात कॅम्प्टोथेसिन असतं, कर्करोगावरच्या औषधांचा कच्चा माल.

झाड लहानसंच. पिवळट-पांढरी फुलं, वास असा की डबा उघडायची इच्छा होत नाही. एक फूल भिंगाखाली धरा: पाच पाकळ्या, आतून केसाळ. पानं एकाआड एक, फांदीच्या टोकाशी दाटलेली. हे एकाआड एक आधी टिपून ठेवा, पुढे लागेल.

फुलांची एकच डहाळी घ्या. मूळ उपटू नका. वर्तमानपत्रात दाबा आणि कागद रोज बदला. पावसाळी हवेत एक दिवस जरी राहिलं तरी बुरशी धरते. वास, फुलांचा रंग, उंची, आसपासची झाडं जागेवरच वहीत उतरवा. वाळलेल्या नमुन्यात यातलं काही उरत नाही.

आता नाव. जुन्या पुस्तकांत ‘मॅपिया फिटिडा’ सापडेल, आज ‘नॉथापोडायटिस निम्मोनियाना’ म्हणतात. जॉन ग्रॅहमने 1839 च्या मुंबईच्या वनस्पती-यादीत याला निम्मो या सहकाऱ्याचं नाव देऊन ऐरणाच्या, म्हणजे प्रेम्नाच्या प्रजातीत (जीनसमध्ये, नावाच्या पहिल्या भागात) टाकलं होतं. ऐरणाची पानं समोरासमोर असतात! तरीही त्याने दिलेलं जातिनाम, म्हणजे नावाचा दुसरा भाग, सर्वांत जुनं, म्हणून नियमाप्रमाणे तेच टिकलं. प्रजाती तेवढी बदलली. म्हणून संग्रहांत जुने नमुने शोधताना जुनी-नवी दोन्ही नावं घ्या, नाहीतर अर्धे हातचे जातील.

मुंबईच्या सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आणि पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं कार्यालय, दोन्हीकडे जा. जुन्या नमुन्यांवरची गावं नकाशावर मांडली की प्रसार आपोआप दिसू लागतो. पण प्रसार सह्याद्रीत संपत नाही, हे झाड श्रीलंकेतही आहे. अहवालात मात्र तालुक्यापर्यंतच ठिकाण द्या. जीपीएसचे आकडे मार्गदर्शकांकडे ठेवा, छापू नका. तोडणारेही अहवाल वाचतात.