एजंटकडून टेस्ट दुरुस्त करून घेताय? टूल डिस्क्रिप्शनमधल्या या चुका टाळा

कोडची टेस्ट फेल झाली की एजंटला, म्हणजे टूल वापरून स्वतः काम करणाऱ्या एआय मॉडेलला, 'बघ काय झालंय' म्हणून सोडून द्यायचं, आणि त्यानं भलतंच काही केलं की मॉडेलला नावं ठेवायची. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या छोट्या ऑफिसांपासून शिरोली एमआयडीसीपर्यंत हेच चाललंय. जिथं जिथं मी बघायला गेलो, तिथं बहुतेक वेळा गोम टूलच्या डिस्क्रिप्शनमध्येच, म्हणजे एजंटला बोलावता येणाऱ्या फंक्शनच्या वर्णनातच, निघाली. टूलच्या आतला कोड सहसा एजंटपुढं नसतो. नाव, डिस्क्रिप्शन आणि पॅरामीटरचा स्कीमा (कोणती माहिती कशी द्यायची याचा आराखडा) एवढ्यावर त्याला ठरवायचं असतं.

'टेस्ट चालवतं' एवढंच लिहून मोकळं होणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

इथल्याच एका टीमचं फाउंड्रीसाठी डिस्पॅचचं सॉफ्टवेअर आहे. कास्टिंग कोणत्या वेळच्या वितळलेल्या धातूतून ओतलं, हे हीट नंबरवरून कळतं. तो नसेल तर चलन, म्हणजे मालासोबत जाणारा कागद, बनूच नये, अशी एक टेस्ट होती आणि ती फेल होत होती. एजंटनं कोड बदलला, टेस्ट चालवली आणि 'दुरुस्त झालं' असं कळवलं. टीममधला पोरगा मला म्हणाला, "झालंय की वो सर, फेल शून्य दाखवतंय." पुढं फाउंड्रीत हीट नंबर नसलेली चलनं छापून बाहेर पडली, तेव्हा शोधाशोध सुरू झाली.

घडलं होतं असं. एजंटनं पायटेस्टला (पायथॉनच्या टेस्ट चालवणारं साधन) '-के' फिल्टरमध्ये, म्हणजे नावावरून टेस्ट निवडायच्या पर्यायात, 'हीटनो' दिलं. टेस्टच्या नावात होतं 'हीट_नंबर'. एकही टेस्ट जुळली नाही, म्हणजे एकही चालली नाही. अशा वेळी पायटेस्ट एक्झिट कोड, म्हणजे संपताना निकाल सांगणारा आकडा, 5 देतं. सगळ्या टेस्ट पास झाल्या तर 0 आणि काही फेल झाल्या तर 1. पण टीमनं पायटेस्टवर स्वतःची जी स्क्रिप्ट चढवली होती, ती फक्त फेल झालेल्या टेस्ट मोजून 'फेल: 0' एवढंच परत देत होती. डिस्क्रिप्शनमध्ये दोन शब्द: 'टेस्ट चालवतं'. यावरून एजंटला काय कळणार? आणि टीमची पहिली सूचना काय, तर मोठं मॉडेल घेऊया!

आम्ही आधी टूल सुधारलं. किती टेस्ट सापडल्या, किती चालल्या, किती पास, किती फेल, हे चारही आकडे ते देऊ लागलं. उत्तरच अपुरं असेल तर डिस्क्रिप्शन कितीही चांगलं लिहा, उपयोग नाही. मग डिस्क्रिप्शन असं झालं: 'दिलेल्या फिल्टरला जुळणाऱ्या टेस्ट चालवतं. फिल्टर टेस्टच्या नावातल्या अक्षरांशी जुळवला जातो. चाललेल्या टेस्ट 0 असतील तर तो पास नव्हे. फिल्टर चुकला आहे, आधी टेस्टची यादी मागवा.'

माझी सवय सांगतो. कुठल्याही टूलचं डिस्क्रिप्शन लिहिताना 'काहीच सापडलं नाही तर काय परत येतं' हे वाक्य मी सगळ्यात आधी लिहितो. मग ते कोड न पाहिलेल्या माणसाला वाचायला देतो आणि विचारतो, अमुक टेस्ट फेल झाली तर तू यातलं काय वापरशील? तो अडखळला तर एजंटही अडखळणार.

बदल करणाऱ्या टूलवर तसं न लिहिणं

'स्नॅपशॉट टेस्ट दुरुस्त करतं' असं डिस्क्रिप्शन मी प्रत्यक्ष वाचलंय. स्नॅपशॉट म्हणजे साठवून ठेवलेला अपेक्षित निकाल. जेस्टला (जावास्क्रिप्टच्या टेस्ट चालवणारं साधन) '-यू' दिलं की तो निकालच नव्यानं लिहिला जातो. बग तिथंच राहतो आणि टेस्ट मात्र हिरवी होते. एजंटला टेस्ट पास करायला सांगितलंय, तो हेच टूल उचलणार. तिथं स्पष्ट लिहा: 'हे अपेक्षित निकाल बदलतं, बग दुरुस्त करत नाही. माणसानं मान्यता दिल्यावरच वापरा.' खरं म्हणजे कारण शोधायला बसवलेल्या एजंटच्या हातात हे टूल मी देतच नाही.

बाकीच्या

लॉग (टेस्ट चालतानाची नोंद) कापून देत असाल तर कुठून कापला ते लिहा. पायटेस्टचा सारांश शेवटी येतो, म्हणून मी शेपटाकडचा भाग ठेवतो.

फाइलचा पाथ कुठून धरायचा ते उदाहरणासकट द्या.

लॉगमधली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर तसं सांगा. आपल्याकडे रात्री 2 ला फेल झालेली टेस्ट तिथं आदल्या दिवशी 20:30 ला दिसते, आणि एजंट भलत्याच कमिटच्या (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाच्या) मागं लागतो.

'लॉग आणा' आणि 'आउटपुट आणा' अशी दोन टूल असतील तर कोणतं केव्हा वापरायचं नाही, हेही लिहा. नाहीतर एक काढून टाका.

फंक्शनची नावं मॉडेलला देऊन डिस्क्रिप्शन लिहून घेऊ नका. नवीन पोरांना हा शॉर्टकट फार आवडतो, पण त्यातून तेच नाव फक्त दुसऱ्या शब्दांत परत मिळतं. हीट नंबरच्या त्या टूलचं डिस्क्रिप्शनही असंच आलं होतं.

एजंट चुकला की घाईनं पाच डिस्क्रिप्शन एकदम बदलू नका. एक बदला, तीच फेल टेस्ट पुन्हा त्याच्यापुढं ठेवा, त्यानं कोणतं टूल कोणत्या पॅरामीटरनं बोलावलं ते वाचा, मग दुसऱ्याला हात लावा.