शाळेतल्या मित्रांचा बँड आणि दोनशे पानी वही

नववीत असताना आम्ही पाच जणांनी बँड काढला. साल २०११. आदल्याच वर्षी पुण्यात एनएच७ वीकेंडर हे संगीत फेस्टिव्हल सुरू झालं होतं आणि आमच्यातल्या एकाचा मोठा भाऊ तिथे जाऊन आला होता. त्याच्या मोबाइलवरचे फाटक्या आवाजाचे व्हिडिओ आम्ही मधल्या सुट्टीत पुन्हा पुन्हा पाहिले आणि ठरवलं, आपणही स्वतःची गाणी करायची. बँड अजून चालू आहे. आता अकरावी-बारावीतली मुलंमुली शोनंतर भेटतात आणि विचारतात, "दादा, आम्ही मित्रांनीच बँड काढलाय, पुढे काय?" त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सगळ्यात आधी लयीचं बोलतो, कारण आमची दोन वर्षं त्यात गेली. आमचा ड्रमर ढोल-ताशा पथकातला. पावसाळ्यात नदीपात्रात सराव, मग गणपतीचे दहा दिवस, म्हणजे जुलै ते अनंत चतुर्दशी तो आम्हाला मिळायचा नाही. त्याच्या हातात ताकद आणि दम प्रचंड होता. पण पथकात लय चढत जाते, आणि ती चढायलाच हवी, मिरवणुकीचा जोश त्यातच असतो. गाण्यामागे तीच लय चढली की गाणाऱ्याचे शब्द गुदमरतात. पहिलं रेकॉर्डिंग मोजून पाहिलं तेव्हा कळलं, गाणं मिनिटाला ९२ ठोक्यांवर सुरू होऊन १०४ वर संपत होतं. मग त्याने महिनाभर ड्रमकिट बाजूला ठेवलं आणि रबरी पॅडवर मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या वेगाने टकटक करणारं यंत्र, लावून बसला. आधी ७० च्या वेगाने. ते जमल्यावर मेट्रोनोमचा वेग निम्मा केला, हाताचा वेग तोच. आता मधले ठोके त्याचे त्यालाच सांभाळावे लागत होते. खरी लय त्या रिकाम्या जागेत पक्की होते. हा सराव फक्त ड्रमरने नाही, सगळ्यांनी करा. आमच्या गिटारवाल्याची लय त्याच्याहून कच्ची निघाली.

दुसरी गोष्ट शब्दांची. आमची पहिली चार गाणी इंग्रजीत होती. मराठीत लिहायला लागलो तेव्हा चाल आधी तयार असायची आणि शब्द तिच्यात कोंबले जायचे. 'किती' या शब्दातला 'कि' लांब सुरावर पडला की 'कीऽती' ऐकू येतं आणि ऐकणारा तिथेच गाण्यातून बाहेर पडतो. आता आम्ही ओळ आधी नुसती बोलून बघतो, जशी आईशी बोलू तशी. वजन कुठे पडतं ते मांडीवर टाळी देऊन ठरवतो आणि मगच गिटार हातात घेतो. कॉलेजात फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी लाइव्ह संगीत करताना ही सवय लागली. तिथे नाट्य, नृत्य, चित्र सगळं एकाच रंगमंचावर चालू असतं, त्यात शब्द नीट पोचला नाही तर तो वायाच जातो.

आता पैसे. पहिल्या शोचे तीन हजार मिळाले आणि त्याच रात्री आमचं पहिलं भांडण झालं. जॅमरूमचं, म्हणजे सरावाच्या खोलीचं, भाडं एकाने भरलं होतं, टेम्पोचे पैसे दुसऱ्याने दिले होते आणि कुणाकडेच काही लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बेस वाजवणारी मैत्रीण दोनशे पानी वही घेऊन आली. तेव्हापासून नियम एकच: खर्च वजा करायचा आणि उरलेल्याचे सहा भाग करायचे. पाच आमचे, सहावा बँडचा. त्या सहाव्या भागातून पहिलं ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांचा छोटा अल्बम, झालं. मैत्रीत कसला हिशेब, असं आम्हालाही वाटायचं. पण ज्याने गप्प बसून जास्त खर्च केलेला असतो तो वर्षभराने कुठल्यातरी भलत्याच कारणावरून भडकतो, हे मी जवळून पाहिलंय.

वाद्यांवर उगाच उधळू नका. स्वस्त गिटार नीट सेट करून घेतली तर बरीच वर्षं साथ देते. पण केबल चांगली घ्या, आणि एकाने तरी सोल्डरिंग, म्हणजे तुटलेली वायर डाख देऊन जोडणं, शिकून घ्या. मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून जॅक, वायर आणि सोल्डरिंग गन आणली होती. दहातल्या आठ वेळा केबल जॅकच्या तोंडाशीच तुटलेली असते. पाच मिनिटांचं काम असतं, पण स्टेजवर ती गेली की पाच मिनिटंही मिळत नाहीत.

शो ठरवताना वेळ लेखी घ्या. उघड्यावरच्या कार्यक्रमात रात्री दहाला स्पीकर बंद करावा लागतो, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार. एका कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये सगळं दीड तास उशिरा सुरू झालं आणि आमच्या चाळीस मिनिटांच्या सेटची पंधरा मिनिटं उरली. मानधनही निम्मं झालं, कारण सगळं तोंडी ठरलेलं होतं. ते आजही मनाला लागतं. तेव्हापासून आम्ही मेलवर तीनच ओळी पाठवतो: स्टेजवर कधी, किती वेळ, पैसे कधी. अर्धे आधी.

मोठ्या मानधनातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला आयकर, जातो आणि तो ज्याच्या पॅनवर बिल असेल त्याच्या नावावर दिसतो. आमचं सगळं एकाच्याच पॅनवर होतं. पैसे पाच जणांत वाटलेले, उत्पन्न मात्र कागदावर त्याच्या एकट्याचं. भागीदारी फर्म काढता येते, पण तिला सरसकट ३० टक्के कर लागतो, म्हणून आकडे लहान असताना सीएला विचारूनच ठरवा.

यावर पोट भरतं का? आमचं नाही भरत. दोघे हिंजवडीत नोकरी करतात, एक जण गिटार शिकवतो, मी ऑडिओ एडिटिंगची कामं घेतो. आठवड्यात संध्याकाळी भेटायचं म्हटलं तर निम्मा वेळ ट्रॅफिकमध्ये जातो, म्हणून रविवारी सकाळी सात ते दहा. गेली सहा वर्षं हे चुकलेलं नाही. स्ट्रीमिंगवर विसंबू नका. स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला बारा महिन्यांत हजार स्ट्रीम झाले नाहीत तर त्याचे पैसेच मिळत नाहीत. तरी गाणं टाकताना घाई करू नका. त्यांच्या प्लेलिस्टसाठी सुचवायचं असेल तर निदान सात दिवस आधी पाठवावं लागतं. आम्ही तीन आठवडे ठेवतो.

सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते शेवटी ठेवलं. २०२१ मध्ये आमचा गीतकार जर्मनीला शिकायला गेला. जायच्या आदल्या रात्री आम्ही त्याच्या घरी बसलो होतो. त्याची आई चहा ठेवत होती आणि आमच्यासमोर एक कोरा कागद होता. कायद्याने गाण्याचे शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तिन्हींचे हक्क वेगवेगळे. प्रत्येक गाण्यापुढे आम्ही लिहिलं: शब्द कुणाचे, चाल कुणाची किती टक्के, रेकॉर्डिंगचा खर्च कुणाचा. लिहिताना घसा दाटून आला होता, वाटणीपत्र लिहिल्यासारखं वाटत होतं. पण पुढे आयपीआरएसकडे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे, गाणी नोंदवताना हाच कागद कामाला आला. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा म्युझिक कंपनीला करारात स्वतःकडे लिहून घेता येत नाही. पण तुमच्या आपसातली टक्केवारी कायदा ठरवून देत नाही, ती तुम्हालाच ठरवावी लागते. गाणं पूर्ण झालं त्याच आठवड्यात ठरवा, ते गाजायच्या आधी.

मागच्या महिन्यात त्याने तिकडून व्हॉइस नोटवर एक ध्रुवपद पाठवलं, मागे ट्रामचा आवाज येतोय. रविवारी आम्ही ते चार वेळा ऐकलं आणि मैत्रिणीने वहीत नवीन पान उघडलं. शब्दांपुढे त्याचं नाव आहे. चालीपुढची जागा कोरी आहे, चाल अजून बसायची आहे.