जुना कॉम्प्युटर ओव्हरक्लॉक करताना: खारी हवा, लाल धूळ आणि मे महिना

कॉम्प्युटरात अजून हार्ड डिस्कच असेल तर आधी एसएसडी बसवा. विंडोज उघडायला लागणारी तीन मिनिटं प्रोसेसर पळवून कमी होत नाहीत. एसएसडी आहे, रॅम ८ जीबी आहे आणि तरीही व्हिडिओ एडिटिंग रखडतं, तर मग ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याला, अर्थ आहे.

उदाहरणाला २०११ चा इंटेल आय५-२५००के घेऊ. नावातला 'के' महत्त्वाचा, कारण 'के' असलेल्या प्रोसेसरचाच मल्टिप्लायर (बेस क्लॉक, म्हणजे मूळ ठेका, ज्या आकड्याने गुणून वेग ठरतो तो) पूर्ण खुला, म्हणजे बदलता येणारा असतो. बोर्डही पी६७, झेड६८ किंवा झेड७७ चिपसेटचा हवा. एच६१ बोर्डवर हा प्रोसेसर चालतो, पण मल्टिप्लायर वाढत नाही. मग काही जण १०० मेगाहर्ट्झचा बेस क्लॉकच वाढवायला जातात. तसं करू नका. साटा आणि पीसीआय एक्स्प्रेसही त्याच क्लॉकवर चालतात, त्यामुळे फाइली खराब होण्याची भीती असते.

बायोसला (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या, बोर्डच्या सेटिंगला) हात लावण्याआधी कॅबिनेट उघडा. गोव्यात सावर्डे-कुडचडे भागात प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या पात्यांत लाल धूळ थापलेली सापडेल. कोलवा-कळंगुटच्या किनाऱ्याच्या बाजूला खाऱ्या हवेने स्क्रू आणि पोर्ट गंजलेले दिसतील. धूळ ब्रशने सुटी करून ब्लोअरने उडवा, पण फॅन बोटाने धरून ठेवा, तो गरगरू देऊ नका. रॅमचे सोनेरी संपर्क खोडरबराने हलके पुसा आणि रबराचा चुरा झटका. बोर्डवरचे कपॅसिटर वरून फुगलेले असतील तर काम इथेच थांबवा. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढून वाटाण्याएवढी नवी लावा. प्रोसेसरसोबत आलेला बुटका कूलर यासाठी पुरत नाही. टॉवर कूलर घ्या.

आता मूळ वेगावरच प्राइम९५ या, प्रोसेसरवर पूर्ण ताण देणाऱ्या प्रोग्रामची 'स्मॉल एफएफटी' चाचणी अर्धा तास चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये दिसणारं तापमान टिपून ठेवा. इथेच ७५ अंश दिसले तर कूलर नीट बसलेला नाही.

बायोसमध्ये मल्टिप्लायर ३३ असतो, म्हणजे ३.३ गिगाहर्ट्झ. आधी ३८ करा, व्होल्टेज आहे तेच ठेवा, वीस मिनिटं चाचणी घ्या. मग एकेक पायरी वर. निळी स्क्रीन आली किंवा प्राइमचा एखादा वर्कर (चाचणीचा एक भाग) थांबला की व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ ने वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर चुकलं कुठे ते कळत नाही. व्होल्टेज १.३५ च्या पुढे नेऊ नका. ४.२ गिगाहर्ट्झवर थांबणं शहाणपणाचं. त्यापुढे प्रत्येक पायरीला व्होल्टेज भराभर मागितलं जातं.

कारण साधं आहे. उष्णता वेगाच्या पटीत वाढते, व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या पटीत. ३.३ वरून ४.२ आणि १.२० वरून १.३० व्होल्ट केलं की प्रोसेसर सुमारे दीडपट उष्णता टाकतो. कूलर ती खोलीच्या हवेतच सोडतो, म्हणून खोली जेवढी तापेल तेवढाच प्रोसेसरही तापतो. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत ७० दिसलेला आकडा मे महिन्यात ३४ अंशांना ७९ होईल. थंडीत सेटिंग करत असाल तर ७० च्या वर जाऊ नका. अंतिम चाचणी दुपारी, एसी बंद ठेवून, निदान चार तास घ्या. ९८ अंशांजवळ हा प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे केलेली मेहनत पाण्यात.

पावसात वीज सारखी जाते-येते. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो; मोठं ग्राफिक कार्ड असेल तर हिशेब करूनच घ्या. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. यूपीएसशिवाय बायोस अपडेट तर करूच नका. मध्येच वीज गेली तर बोर्ड कामातून जातो. जून ते सप्टेंबर कॉम्प्युटर बंद पडून राहिला तर ओल धरतो, म्हणून रोज अर्धा तास तरी चालू ठेवा.

स्क्रीनच येईना, तर स्विच बंद करून प्लग काढा आणि बोर्डवरचा क्लिअर सीमॉस जंपर काही सेकंद जोडा. सगळं मूळ सेटिंगवर येतं. वीज गेल्यावर दरवेळी वेग आपोआप ३.३ वर येत असेल, तर प्रोसेसरला दोष देऊ नका. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला.